कोण, कोणास म्हणाले?
यिर्मयाच्या ग्रंथाबरोबर बावन्न रविवार



आपल्या चर्चमध्ये मी गेली बावीस वर्षे वाचक म्हणून सेवा करीत आहे. उच्चार स्पष्ट हवेत, आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचायला हवा, एवढी काळजी मी नेहमी घेतली. पण वाचून खाली आल्यावर, त्या उताऱ्याच्या आधी काय होते आणि नंतर काय आले हे घरी जाऊन उघडून पाहावे, असे मला क्वचितच वाटले. हे कबूल करूनच हा लेख लिहीत आहे.

कारण असे घडले. माझी पत्नी आजारी असताना प्रार्थनासमूहातील एक भगिनी तिला भेटायला इस्पितळात आली होती. जाताना तिने एक छोटे कार्ड उशाशी ठेवले. त्यावर सूर्योदयाचे चित्र होते आणि खाली यिर्मया २९:११ हे वचन छापलेले होते. परमेश्वराने आपल्या लोकांसाठी जे योजले आहे ते त्यांच्या हिताचेच आहे, पुढे आशा आहे, असा त्याचा आशय. आपल्यापैकी अनेकांना ते पाठ असेल. पत्नीने ते दोनदा वाचले आणि मला विचारले, "अहो, हे कोणी कोणाला सांगितलंय?"

मी म्हणालो, "कोणाला म्हणजे? आपल्यालाच."

ती काही बोलली नाही. कार्ड तिने आपल्या प्रार्थनापुस्तकात ठेवले. अडीच महिन्यांनी प्रभूने तिला आपल्याकडे बोलावून घेतले.

पुढे तिच्या वस्तू आवरताना ते कार्ड हाती लागले. खरे सांगतो, मला राग आला. कार्ड देणाऱ्या भगिनीचा नव्हे, तिचे मन निर्मळ होते. राग आला तो वचनाचा. कुठे झाले हित? कुठे गेली आशा? आणि रागाहून जास्त टोचत राहिला तो पत्नीचा प्रश्न. मी शाळेत तीस वर्षे मराठी शिकवले. "कोण, कोणास म्हणाले?" हा प्रश्न मी किती प्रश्नपत्रिकांत घातला असेल याची गणती नाही. धडा न वाचता उत्तर ठोकून देणारा मुलगा मला लगेच कळायचा. आणि घरच्या माणसाने तोच प्रश्न विचारला तेव्हा मी धडा न वाचताच उत्तर दिले होते.

म्हणून मी यिर्मया वाचायला घेतला.

एका रविवारी एकच अध्याय

यिर्मयाच्या ग्रंथात बावन्न अध्याय आहेत आणि आपल्या उपासना वर्षात साधारण बावन्न रविवार. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी पहिला अध्याय उघडायचा आणि ख्रिस्तराजाच्या सणाला शेवटचा मिटायचा, असे ठरवले. मिस्सा आणि चहा झाला की अध्याय मोठ्याने वाचायचा, कारण ही भाषणे आहेत, ती कानांसाठी आहेत. आठवडाभर तोच अध्याय पुन्हा चाळायचा. वहीत तीनच रकाने: कोण बोलतो, कोणाशी बोलतो, केव्हा बोलतो. एकोणतिसाव्या अध्यायाकडे उडी मारण्याचा मोह फार झाला. पण ठरवले, रांगेनेच जायचे.

पहिल्याच अध्यायात तिसऱ्या रकान्याचे उत्तर मिळते. यिर्मया हा अनाथोथ गावच्या याजक घराण्यातला. हे गाव यरुशलेमपासून जेमतेम पाच किलोमीटरवर. योशीया राजाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व ६२७ च्या सुमारास त्याला पाचारण झाले. इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळले, मंदिर पाडले, तेव्हाही तो बोलतच होता. म्हणजे चाळीस वर्षे हा माणूस एकच कटू गोष्ट सांगत राहिला आणि बहुतेकांनी ती ऐकली नाही.

पाचारणाच्या वेळी परमेश्वराने त्याला सहा कामे दिली. त्यांतील चार उपटण्याची आणि पाडण्याची आहेत, दोनच बांधण्याची आणि लावण्याची. त्याच अध्यायात त्याला बदामाची डहाळी दिसते. हिब्रू भाषेत बदामाला 'शाकेद' म्हणतात आणि जागा राहून लक्ष ठेवणाऱ्याला 'शोकेद'. त्या देशात थंडी सरता सरता सर्वांत आधी फुलणारे झाड बदामाचेच. मी जागा आहे, माझा शब्द खरा होतो की नाही यावर माझे लक्ष आहे, असे परमेश्वराने त्या डहाळीतून त्याला सांगितले. वहीत मी लिहिले: 'लक्ष आहे म्हणतो. पाहू.' त्या वेळी माझ्या मनाची स्थिती तशीच होती.

दुसऱ्या अध्यायात जिवंत झरा सोडून तडा गेलेल्या टाक्या खोदणाऱ्यांची गोष्ट आहे. त्या डोंगराळ प्रदेशात खडकात टाकी खोदून, आतून गिलावा करून पावसाचे पाणी साठवीत. गिलाव्याला तडा गेला की पाणी गळून जाई आणि ते उन्हाळ्यात कळे, म्हणजे गरज पडेल तेव्हाच. आपण वर्षानुवर्षे साठवलेल्या श्रद्धेचेही असेच होते. तडा कुठे आहे ते संकट आल्याशिवाय दिसत नाही.

चर्चच्या दारात उभा असलेला माणूस

सातव्या अध्यायाने मला घाम फोडला. यिर्मया मंदिराच्या दारात उभा राहून आत जाणाऱ्यांना अडवतो. ते मूर्तिपूजक परके नव्हेत, नेमाने उपासनेला येणारी आपल्यासारखीच माणसे आहेत. हे परमेश्वराचे मंदिर आहे, असे ती तीन तीनदा म्हणतात आणि त्यामुळे आपल्याला काही होणार नाही असे समजतात. बाहेर मात्र परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यावर अन्याय चालू असतो. यिर्मया त्यांना शिलोची आठवण देतो. शिलो हेही पूर्वी परमेश्वराचे स्थान होते आणि ते उद्ध्वस्त झाले होते. मंदिराला लुटारूंची गुहा म्हणणारे शब्द याच अध्यायातले आहेत. पुढे सहा शतकांनी प्रभू येशूने मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलले तेव्हा हेच शब्द उच्चारले. येशूला पाहून काही लोकांना हा यिर्मयाच परत आला असे वाटले, हे मत्तयच्या सोळाव्या अध्यायात आपण वाचतो. ते का वाटले असेल, हे मला त्या आठवड्यात उमगले.

बावीस वर्षे वेदीजवळ उभा राहून वाचणारा मी. आपण चर्चचे काम करतो, तेव्हा आपल्या घरावर असे संकट यायला नको होते, असा एक हिशोब माझ्या मनात कुठेतरी होता. तो हिशोब या अध्यायाने उघडा पाडला. मंदिर म्हणजे विम्याची पॉलिसी नव्हे.

आठव्या आणि नवव्या अध्यायांत सूर बदलतो. कठोर बोलणारा हा माणूस आपल्या लोकांसाठी इतका रडतो की डोळ्यांचा झरा झाला तरी पुरणार नाही असे त्याला वाटते. त्याचे कठोर शब्द तिरस्कारातून आलेले नाहीत. जो रडू शकत नाही त्याने दुसऱ्याला उपदेश करू नये, असे मी वहीत लिहिले.

तक्रारीचे अध्याय

अकराव्यापासून विसाव्या अध्यायापर्यंत अधूनमधून यिर्मयाची स्वतःची गाऱ्हाणी येतात. त्याच्या गावचेच लोक त्याला ठार मारायला टपलेले आहेत. बाराव्या अध्यायात तो देवाला विचारतो, तू न्यायी आहेस हे मान्य, मग दुष्टांचे का चांगले चालते? पंधराव्या अध्यायात तर तो देवाला म्हणतो की तू मला पावसाळा सरताच आटून जाणाऱ्या ओढ्यासारखा निघालास. देवाला असे बोलतात? आपल्या घरी मयत झाली की कोणी रडायला लागले तर आपण लगेच म्हणतो, गप्प राहा, देवाची इच्छा. यिर्मया गप्प राहत नाही आणि देवही त्याला हाकलून देत नाही. त्याच अध्यायात देव त्याला परत ये म्हणतो, पुन्हा माझ्यासमोर उभा राहा म्हणतो.

विसावा अध्याय आला तो एप्रिलमध्ये. मंदिराचा अधिकारी पशहूर यिर्मयाला मारतो आणि रात्रभर खोड्यात अडकवून ठेवतो. त्यानंतरचे त्याचे उद्गार आपल्या रविवारच्या वाचनांत आहेत. 'अ' वर्षाच्या सामान्य काळातील बाविसाव्या रविवारी ७ ते ९ ओव्या आणि बाराव्या रविवारी १० ते १३ ओव्या. मी दोन्ही वाचल्या आहेत. तेराव्या ओवीत यिर्मया परमेश्वराची स्तुती करतो, आणि तिथे आपले वाचन संपते. मला वाटायचे अध्यायही तिथेच संपतो. पण चौदाव्या ओवीपासून अठराव्यापर्यंत तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. आणि अध्याय तिथे संपतो. देवाचे उत्तर नाही. एकविसाव्या अध्यायात दुसराच प्रसंग सुरू होतो.

स्तुती आणि मग पुन्हा अंधार. हा क्रम मला फार ओळखीचा वाटला. मिस्सामध्ये गाताना बरे वाटायचे आणि घरी येऊन कुलूप उघडले की स्वयंपाकघरातली शांतता अंगावर यायची. माझी श्रद्धा कच्ची आहे म्हणून असे होते, असे मी समजत होतो. पण हेच संदेष्ट्याचेही झाले होते, आणि ज्यांनी हा ग्रंथ जपला त्यांनी त्या पाच ओव्या गाळल्या नाहीत. आपण ज्याला देवाचे वचन म्हणतो त्यात त्या आहेत. त्या आठवड्यात मी अनेक महिन्यांनी मोकळेपणाने रडलो.

गोड बोलणारा हनन्या

एकोणतिसाव्या अध्यायाचा अर्थ कळायला आधी अठ्ठाविसावा वाचावा लागतो. इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमचा तरुण राजा यहोयाखीन, त्याचे दरबारी, कारागीर अशा अनेकांना कैद करून नेले होते. शहर अजून उभे होते. हे किती दिवस चालणार, हा एकच प्रश्न सर्वांच्या तोंडी होता. यिर्मया मानेवर लाकडी जोखड घालून फिरत होता, म्हणजे बाबेलची सत्ता सोसावी लागेल. तेव्हा गिबोनचा हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, सर्व लोकांसमोर, परमेश्वराच्या नावाने सांगतो की दोन वर्षांत सर्व परत येतील. आणि ते जोखड काढून मोडून टाकतो.

यिर्मया काय म्हणतो? तो आधी 'आमेन' म्हणतो. परमेश्वर खरेच तसे करो, असे त्याला मनापासून वाटते. त्याला आपल्या लोकांचे वाईट नको आहे. पण पूर्वीच्या संदेष्ट्यांनी युद्ध आणि संकट यांविषयी सांगितले होते, शांतीची वार्ता सांगणारा मात्र ती खरी ठरली म्हणजेच ओळखला जातो, एवढे बोलून तो आपल्या वाटेने निघून जातो. नंतर परमेश्वराचा शब्द येतो: लाकडाचे जोखड मोडले, आता लोखंडाचे येईल.

हनन्या दुष्ट वाटत नाही. तो लोकांना हवे ते बोलला. बंधुभगिनींनो, त्या इस्पितळात हनन्या मी होतो. "नाताळापर्यंत तू घरी, करंज्या तूच करशील," असे मी पत्नीला रोज सांगत होतो. डॉक्टरांनी मला वेगळे सांगितले होते आणि तिलाही ते कळले असावे. माझ्या गोड बोलण्यामुळे तिला जे बोलायचे होते ते बोलता आले नाही. मुलांविषयी, दागिन्यांविषयी, भीतीविषयी. धीर देणे आणि खोटे सांगणे यांत फरक आहे. यिर्मयासारखे 'आमेन' म्हणून, बरे वाटावे अशी इच्छा धरून, तरीही खरे बोलता आले असते.

ते पत्र

जूनच्या मध्यास, पाऊस सुरू झाला त्या रविवारी मी एकोणतिसावा अध्याय उघडला. तिन्ही रकाने भरले. कोण? यिर्मया, यरुशलेमहून. कोणास? बाबेलात कैद करून नेलेल्या वडीलधाऱ्यांना, याजकांना, संदेष्ट्यांना आणि सर्व लोकांना. केव्हा? इ. स. पूर्व ५९७ नंतर, हद्दपारीच्या पहिल्या काही वर्षांत. हे एक पत्र आहे. राजा सिद्कीयाने बाबेलला पाठवलेल्या दोन दूतांच्या हाती ते दिले होते.

आणि पत्रात काय आहे? घरे बांधा आणि राहा. बागा लावा आणि त्यांची फळे खा. मुलामुलींची लग्ने करा. ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्याचे हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या शहरासाठी! लवकर परताल असे सांगणाऱ्यांचे ऐकू नका. मग दहाव्या ओवीत येतात सत्तर वर्षे. आणि त्याच्या लगेच पुढची अकरावी ओवी म्हणजे आपले कार्ड.

मी चष्मा काढून ठेवला. सत्तर वर्षे! ज्याने ते पत्र चाळिसाव्या वर्षी हातात घेतले, तो परत जाणार नव्हता. ज्या आईने ते ऐकले, तिची कबर बाबेलातच होणार होती. पुढे इ. स. पूर्व ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बाबेल जिंकले आणि परतण्याची मोकळीक दिली, तोवर पत्र ऐकणाऱ्यांतील कितीतरी जण गेलेले होते. म्हणजे ज्यांना ते वचन दिले गेले त्यांतल्या बहुतेकांना त्याचे फळ डोळ्यांनी दिसणार नव्हते. ते त्यांच्या नातवंडांना दिसणार होते. तिथला 'तुम्ही' हिब्रूमध्ये अनेकवचनी आहे. ते वचन एकट्या माणसाला नाही, एका पूर्ण समाजाला आहे, जिवंत असलेल्यांना आणि पुढे जन्मणाऱ्यांना.

आणखी एक गोष्ट. सातव्या ओवीत शहराचे हित पाहा असे म्हणताना जो शब्द आहे तो 'शालोम', आणि अकराव्या ओवीत देवाच्या योजना हिताच्या आहेत असे म्हणतानाही तोच 'शालोम'. म्हणजे देवाने योजलेले हित आकाशातून वेगळे पडत नाही. परक्या शहरात घर बांधताना, झाड लावताना, शेजाऱ्यासाठी प्रार्थना करताना ते येत राहते.

मग मला पत्नीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. ते पत्र बऱ्या होऊन घरी जाणाऱ्यांना लिहिलेले नव्हते. जे परतणार नव्हते त्यांना लिहिलेले होते. तुम्ही परतला नाहीत तरी मी तुम्हाला विसरलेलो नाही, माझे काम तुमच्याबरोबर संपत नाही, असा त्याचा भाव. म्हणजे "आपल्यालाच" हे माझे उत्तर चूक नव्हते. फक्त कारण मला ठाऊक नव्हते, म्हणून दोन गुणांपैकी एकच मिळाला असता. ते कार्ड योग्य माणसाच्या उशाशी ठेवले गेले होते. मात्र अकरावी ओवी दहाव्या ओवीपासून कापून ठेवली होती आणि ती जोडून वाचणे हे माझे काम होते. हे तिला सांगता आले नाही, याची रुखरुख मात्र राहिली आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'देई व्हर्बम' या दस्तऐवजात आपल्याला हेच शिकवले आहे. पवित्र लेखकाला काय म्हणायचे होते ते शोधावे आणि सर्व शास्त्राची एकता ध्यानात ठेवून वाचावे. ख्रिस्तसभा स्वतःही हे वचन वापरते. सामान्य काळातील तेहतिसाव्या रविवारी मिस्साच्या प्रवेशगीतासाठी याच ओव्या नेमलेल्या आहेत, आणि त्या दिवसांत वाचने अंतकाळाची असतात. म्हणजे ख्रिस्तसभेनेही हे वचन शेवटाच्या शेजारीच ठेवले आहे.

मडक्यातले खरेदीखत

बत्तिसाव्या अध्यायात यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत आहे. बाबेलच्या सैन्याचा शहराला वेढा पडला आहे. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथची माझी जमीन तू विकत घे, नात्याने हक्क तुझा आहे. ती जमीन शत्रूच्या ताब्यात गेल्यातच जमा. यिर्मया सतरा शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, खरेदीखताच्या दोन प्रती करतो, एक मोहरबंद आणि एक उघडी. आपला लेखक बारूख याला त्या मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. या देशात पुन्हा घरे, शेते आणि मळे विकत घेतले जातील, ही त्याची साक्ष.

आपल्याकडे जमिनीचे कागद म्हणजे काय हे कोणाला सांगायला नको. म्हणूनच मला यातला व्यवहार फार आवडला. यिर्मयाची आशा नुसती तोंडाची नाही, ती रोख चांदीची आहे. आणि सौदा झाल्यावर तो प्रार्थनेत देवाला विचारतो, शहर तर पडत चालले आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? आधी आज्ञापालन, मग प्रश्न. पुढे त्याला इच्छेविरुद्ध मिसर देशात नेण्यात आले. त्या शेतात तो कधी उभा राहिला असे ग्रंथात कुठेही नाही.

पत्नी गेल्यापासून घरामागच्या वाडीकडे मी पाहिलेच नव्हते. त्या जुलैमध्ये मी तण काढले आणि माडाचे एक रोप लावले. माझे वय सत्तरीच्या पुढे. शेजारी हसून म्हणाले, "मास्तर, नारळ कोण खाणार?" मी म्हणालो, "कोणीतरी खाईल."

जळलेली गुंडाळी आणि जुन्या चिंध्या

पुढचे दोन अध्याय थोडक्यात सांगतो. छत्तिसाव्या अध्यायात बारूखने लिहिलेली गुंडाळी राजा यहोयाकीमला वाचून दाखवतात. हिवाळा आहे, समोर शेगडी पेटलेली आहे. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकूने तो भाग कापतो आणि विस्तवात टाकतो. यिर्मया पुन्हा सर्व सांगतो, बारूख पुन्हा सर्व लिहितो, आणि त्यात आणखी भर पडते. याच अध्यायात मंदिरातील शाफानपुत्र गमऱ्या याच्या दालनाचा उल्लेख आहे. १९८२ साली यरुशलेमच्या उत्खननात त्याच नावाचा मातीचा शिक्का सापडला. राजाने जाळलेला शब्द राहिला आणि त्या काळच्या कागदांवरचे शिक्केही आगीत भाजून टिकले.

अडतिसाव्या अध्यायात यिर्मयाला चिखलाच्या टाकीत सोडतात. त्याला वाचवायला धावतो तो राजवाड्यातील एबद-मलेख नावाचा कूशी, म्हणजे आफ्रिकेतला परदेशी नोकर. दोराने काखा सोलवटतील म्हणून तो आधी जुन्या चिंध्या खाली सोडतो आणि त्या काखेत धरायला सांगतो. दुःखात असलेल्याला वर काढताना दोर तर हवाच, पण चिंध्यांचीही आठवण हवी. आपल्या धर्मग्रामात अशी माणसे आहेत. माझ्या घरी वर्षभर न बोलता डबा ठेवून जाणारे कुटुंब मला त्या आठवड्यात आठवले.

शेवटचा रविवार

बावन्नावा अध्याय ख्रिस्तराजाच्या सणाला आला. शहर जळाले, मंदिर पडले, भांडी लुटली. आणि अगदी शेवटी चार ओव्यांत छोटीशी गोष्ट. कैदेच्या सदतिसाव्या वर्षी बाबेलचा नवा राजा यहोयाखीनला तुरुंगातून काढतो, त्याचे कपडे बदलतो आणि रोज आपल्या पंक्तीला जेवायला बसवतो. बाबेलच्या अवशेषांत मातीच्या पाट्या सापडल्या आहेत. त्यांत यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे मुलगे यांना नेमून दिलेल्या तेलाची नोंद आहे. ती नोंद त्याआधीची, तो बंदिवान असतानाची.

राजा घरी परतला नाही. तो परक्या देशातच राहिला. पण रोजचे जेवण होते. ग्रंथ तिथे संपतो. बावन्न आठवड्यांपूर्वी मला हा शेवट अपुरा वाटला असता. आता वाटत नाही. मीही रोज जेवतो, दर रविवारी प्रभूच्या पंक्तीला बसतो, आणि एकतिसाव्या अध्यायात यिर्मयाने ज्या नव्या कराराची वार्ता दिली, त्याच कराराचा प्याला वेदीवर उचललेला पाहतो.

आपणही असे वाचावे म्हणून अनुभवाचे दोन शब्द. या ग्रंथातले अध्याय काळाच्या क्रमाने लावलेले नाहीत, म्हणून प्रत्येक अध्यायात राजाचे नाव आधी शोधा. ४६ ते ५१ हे इतर राष्ट्रांविषयीचे अध्याय कठीण वाटतील, तिथे थांबू नका. एखादा अध्याय कळला नाही तर वहीत तसे लिहा आणि फादरांना विचारा. सत्तावन्न लहान-मोठ्या शंका मी विचारल्या. ते कंटाळले नाहीत. बावन्न आठवडे जास्त वाटत असतील तर आमोसपासून सुरुवात करा, त्यात नऊच अध्याय आहेत.

ते कार्ड आता माझ्या बायबलमध्ये एकोणतिसाव्या अध्यायाशी आहे. त्याच्या मागच्या बाजूवर मी पेनाने दहावी ओवी लिहून ठेवली आहे. कोणा आजाऱ्याला ते द्यायचे झाले, तर आता मी ते देईन. आणि मग थोडा वेळ बसेन, त्याला काही विचारायचे असले तर.

मननासाठी
१. आपल्याला पाठ असलेले एखादे वचन निवडा. ते कोण, कोणास, केव्हा म्हणाले, हे त्या अध्यायातून शोधा.
२. आजारी माणसाशी बोलताना आपण हनन्यासारखे बोलतो की यिर्मयासारखे?
३. ज्याचे फळ आपल्याला मिळणार नाही असे कोणते काम या वर्षी आपण हाती घ्याल?

प्रार्थना
हे प्रभू, तुझे वचन आम्ही आमच्या सोयीपुरते कापून घेतो, त्याबद्दल क्षमा कर. गाऱ्हाणे मांडण्याचे धैर्य आणि वाट पाहण्याची शक्ती आम्हाला दे. जे परतले नाहीत त्यांनाही तू विसरला नाहीस, हा विश्वास आमच्या घराघरांत राहू दे. आमेन.